इतर ३

मंगळवारी दुपारी एक ते चारच्या दरम्यान हॅचरीतल्या दोन नंबरच्या, अंडी उबवायच्या पेटीत चार हजार दोनशे पिल्लं अंड्यातल्या अंड्यात शिजून मेली, आणि बुधवारी सकाळी दहापर्यंत ती कुणी मारली याचा निकालसुद्धा लागला. धाकटीने.

निकाल दादाने दिला. दादा म्हणजे धाकटीचा सख्खा थोरला भाऊ आणि हॅचरीचा मालक. ज्या विषयातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्या विषयावर उभं राहून बोलायचं, अशी त्याची पद्धत होती. कळत असलेल्या विषयांवर तो बसून बोलायचा, पण तसं त्याला बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

"हिरवा दिवा लागलाय," दादा उभ्या उभ्या म्हणाला. "हिरवा. म्हणजे पेटीने फोन केला, आणि कुणीतरी तो उचलला. पेटी बघतं कोण? तू. म्हणजे उचलला कुणी? तू."

हे हिरव्या दिव्याचं प्रकरण असं होतं. पेटीच्या वर भिंतीला एक पांढरा डबा ठोकलेला होता. त्याच्या पोटात एक मॉडेम, म्हणजे तोंड, कान आणि पडदा नसलेला मोबाइलच म्हणा ना. त्यात सिमकार्ड. पेटीतलं तापमान साडेअडतीसच्या वर गेलं, की हा डबा सिमवरचे नंबर एकापाठोपाठ एक फिरवायचा. जो उचलेल त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजायची. त्याने दहा सेकंद फोन धरला, की डब्याची समजूत पटायची: चला, माणसाला कळवून झालं. मग तो हिरवा दिवा लावून पुढचे नंबर सोडून द्यायचा आणि गप्प बसायचा. दोन वर्षांपूर्वी बसवल्यापासून त्याच्यावर विसंबायची वेळच आली नव्हती, कारण पेटी तापली की धाकटीला डब्याच्या आधी कळायचं. ती तिथेच असायची. डबा फोन कुणाला लावतो, हे बघायची तिला गरजच पडली नव्हती.

मंगळवारी नव्हती.

"माझ्या फोनवर काही आलंच नाही," धाकटी म्हणाली. "हा घे, बघ."

"ते पुसता येतं."

"मी कशाला पुसू?"

"ते तू सांग. तू कुठे होतीस?"

"पंख्याचं बेअरिंग आणायला गेले होते! अकरा दिवस तुझ्या मागे लागले होते, पेटीचा पंखा ओरडतोय, बंद पडेल, बेअरिंग आण. अकरा दिवस तू 'बघू' म्हणालास. शेवटी मी बघितलं."

"आवाज चढवू नकोस."

"तसं नाही हो म्हणायचं तिला," वहिनी दारातून म्हणाली. दादाचं बोलणं धाकटीला आणि धाकटीचं बोलणं दादाला समजावून सांगायचं काम वहिनीने लग्नापासून अंगावर घेतलं होतं, आणि तिच्या मध्यस्थीने आजवर एकही भांडण मिटलेलं नव्हतं. मग ती धाकटीकडे वळली. "तुमच्या दादांचं एवढंच म्हणणं आहे, की तुम्ही दमलात. जरा विश्रांती घ्या. तोवर माझा भाऊ बघेल ना हॅचरी. तो सध्या मोकळाच आहे."

सध्या म्हणजे गेली सहा वर्षं.

"पाच वाजता येईल तो," दादा म्हणाला. "किल्ल्या त्याच्या हातात दे. आणि जाताना पेटी धुऊन जा."

सात वर्षं धाकटीने ती हॅचरी चालवली होती. पेटीचं दार लावल्याच्या आवाजावरून तिला रबर कुठे उसवलंय ते कळायचं. आणि आता तिने पेटी धुऊन जायचं होतं.

तिने एक अंडं फोडलं. एकोणिसावा दिवस. दोन दिवसांनी ही पिल्लं आपली आपण कवच फोडून बाहेर आली असती. पिसं फुटलेली होती, चोच पंखाखाली नीट घातलेली होती, आत पत्ता विचारायला कुणी नसताना सगळं जिथल्या तिथे तयार होतं. तिने दुसरं फोडलं. मग तिसरं. चाळीस फोडल्यावर तिने हात धुतले, स्टूल ओढलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पांढऱ्या डब्याचं झाकण असं काढलं की त्यातला एक स्क्रू अजूनही सापडलेला नाही.

फोन कुणीतरी उचलला होता, हे तिला मान्य होतं. दिवा खोटा नव्हता. प्रश्न एवढाच होता की कुणी. आणि ते या एका मॉडेमलाच माहीत होतं. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, विचारायचं कसं?

डब्याच्या आत बसवणाऱ्याचा नंबर चिकटवलेला होता. तिने फिरवला.

"मी ते काम सोडलं," पलीकडून मॉडेमवाला म्हणाला. "आता सोफ्याची कव्हरं शिवतो. हवी असतील तर बोला."

"कव्हर नको. मॉडेममधले नंबर बघायचेत."

"अहो ताई, दोन वर्षं झाली त्याला... तीन आसनी की दोन आसनी? तुम्हाला नाही हो, इथे एक बाई आहेत. हां. यूएसबीची वायर आहे का?"

"आहे."

"लॅपटॉपला लावा. ते काळ्या खिडकीचं टर्मिनल असतं ना, ते उघडा. त्यात AT लिहा आणि एंटर मारा. काय म्हणतोय?"

"OK म्हणतोय."

"म्हणजे जिवंत आहे. आता त्याला लिहूनच विचारायचं. AT+CPBS, बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात SM. म्हणजे सिमवरची फोनवही उघड. मग शोधायचं तर AT+CPBF, बरोबर, अवतरणात नाव. नाव सुरुवातीपासून लिहा हां, मधलं अक्षर दिलं तर त्याला काही कळत नाही. आणि सगळी वही बघायची तर CPBR... हाताला गोंडे लावायचेत का? ताई, तुम्हाला नाही."

त्या लॅपटॉपची P ची कळ वर्षभरापूर्वी निखळली होती. त्या जागी रबराचं एक बोंड उरलं होतं, आणि ते नखाने दाबावं लागायचं. फोनवहीच्या एकूण एक कमांडमध्ये P आहे, हे धाकटीला त्या दिवशी कळलं. प्रत्येक P ला तिने दादाचं नाव घेतलं.

तिने लिहिलं:

AT+CPBF="DHAKTI"

मॉडेम म्हणाला, OK. बाकी काही नाही. म्हणजे तुमचं म्हणणं समजलं, पण अशा नावाचं इथे कुणी राहत नाही.

तिने TAI लिहिलं. OK. HATCHERY. OK. OPERATOR. OK. इतक्या नम्रपणे तिला आजवर कुणीच नाही म्हटलं नव्हतं. तिने आपला फोन नंबर सिमवर आहे तरी का, असा विचार केला, आणि मग फोनवरच्या माणसाला विचारलं, "माझं नाव तुम्ही कशाखाली टाकलं होतं?"

"मी काय टाकणार? मी विचारलं, पेटी तापली तर आधी फोन कुणाला करायचा? तर तुमचे साहेब माझ्याशेजारी उभे राहिले..."

"उभेच राहिले असतील."

"...आणि म्हणाले, आधी थोरले काका. मग मी. मग मामासाहेब. मोठी यादी सांगितली. मी म्हटलं, साहेब, पेटीजवळ कोण असतं त्याचा आधी टाकू का? तर म्हणाले, असं कसं, घरात मोठी माणसं असताना? मग शेवटी म्हणाले, आणि बाकी इतर."

"इतर?"

"हां. बाकी इतर लिहा म्हणाले. ताई, मी ठेवतो, यांना मरून रंग दाखवायचाय."

धाकटीने फोन खाली ठेवला. मग नखाने बोंड दाबून, हळूहळू, एकेक अक्षर लिहिलं:

AT+CPBF="ITAR"

या वेळी मॉडेमने तीन ओळी दिल्या. दहाव्या जागेवर ITAR 1, हा सोडून गेलेला जुना वॉचमन. अकराव्या जागेवर ITAR 2, हा पाण्याच्या टँकरवाला. बाराव्या जागेवर ITAR 3. पुढचा नंबर धाकटीचा होता.

तिने तो नंबर दोनदा वाचला. एकदा विश्वास बसावा म्हणून, आणि एकदा राग नीट यावा म्हणून.

मग तिने सगळी वहीच बाहेर काढली. AT+CPBR=1,12. एकावर थोरले काका, वय एक्याऐंशी. दोनावर दादा. तीनावर मामासाहेब, जे गेल्या वर्षी वारले आणि तरीही धाकटीच्या नऊ जागा वर होते. चारावर आत्या, जी विमानाने अकरा तासांच्या अंतरावर राहायची. पाचावर वहिनी. सहावर वहिनीचा भाऊ. सातावर डॉक्टर, आठावर दादाचा वर्गमित्र, नवावर हॅचरीच्या उद्घाटनाला आलेला फोटोवाला.

पेटीला आग लागली असती, तर फोटोवाल्याला धाकटीच्या आधी कळलं असतं.

राग हा असा असतो, की एका हद्दीपर्यंत माणूस आरडाओरडा करतो आणि त्यापलीकडे गेला की कामाला लागतो. धाकटी कामाला लागली. तिने आणखी एक कमांड शोधली. AT+CPBS="LD", म्हणजे शेवटी फिरवलेल्या नंबरांची वही उघड. मग AT+CPBR=1,10. दहा ओळी आल्या. दहाही ओळींत एकच नंबर. एक नंबर जागेवरचा. थोरले काका, थोरले काका, थोरले काका.

मॉडेम दुसऱ्या नंबरापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

तिने दादाला बोलावून पडदा दाखवला.

"हे तू टाइप केलंयस," दादा म्हणाला.

"कमांड मी टाइप केली. उत्तर त्याने दिलंय."

"मला कसं कळणार त्यातलं तुझं कुठलं आणि त्याचं कुठलं? आणि काकांचं नाव कशाला घेतेस? त्यांनी हॅचरी उभी केली. एक्याऐंशी वर्षांच्या माणसावर ढकलतेस? लाज नाही वाटत?"

"मी ढकलत नाहीये. मी वाचतेय."

"पाच वाजता," दादा म्हणाला, आणि बोट वर केलं. ते एकच बोट होतं, त्यामुळे त्यातून पाच कसे समजायचे हा प्रश्न होता.

साडेचारला धाकटीने थोरल्या काकांना स्कूटरवर बसवून हॅचरीत आणलं. काका मागच्याच गल्लीत एकटे राहायचे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल असे बारीक आवाज त्यांना ऐकू यायचे नाहीत. माणसांचं बोलणं, विशेषतः त्यांच्याविषयीचं, दोन भिंतींपलीकडूनही ऐकू यायचं. तिने त्यांना पेटीसमोर खुर्ची दिली. दादा आला, वहिनी आली. वहिनीचा भाऊही वेळेआधी आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच, असं नंतर सगळ्यांनी मान्य केलं.

"काय गं, चहा वगैरे आहे की नुसतंच बसायचं?" काका म्हणाले.

"पाच मिनिटं बसा, काका. वहिनी, तुमचा केस वाळवायचा ड्रायर द्या."

"आत्ता? केस?"

"केस नाही."

धाकटीने पेटीतलं तापमान मोजणारी दांडी बाहेर ओढली आणि तिच्यावर ड्रायर धरला. आकडा चढायला लागला. सदतीस. साडेसदतीस. अडतीस.

"हा काय तमाशा चाललाय?" दादा म्हणाला.

"गप्प उभा राहा. तुला येतं ते."

अडतीस पूर्णांक सहा. डब्यात टक्‌ झालं. सगळे डब्याकडे बघत असताना काकांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. काकांनी तो लांब धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"थांबा हं जरा," ते सगळ्यांना म्हणाले. "दादाचा फोन आलाय हॅचरीतून."

दादा त्यांच्यापासून चार फुटांवर उभा होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"हां, बोल रे," काका फोनमध्ये म्हणाले. "नाही बोलायचं? बरं, मी बोलतो. तू ऐक. अरे, ते नळाचं सांगायचं राहिलं बघ काल. वॉशर बदलला, पण थेंब काही थांबत नाही. आणि गुडघ्याचं तर काल सांगितलंच मी तुला सगळं. तेवढा वेळ ऐकलंस, बरं वाटलं हो. हल्ली कोण ऐकतं..."

टक्‌. डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

वहिनीच्या भावाने उगीचच घड्याळ पाहिलं. काका बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी मान वर केली. समोर दादा दिसला. त्यांनी कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं, परत दादाकडे पाहिलं.

"तू इथे आहेस," काका म्हणाले. "मग हा कोण?"

"पेटी," धाकटी म्हणाली.

"पेटी?"

"पेटी तापली की तुम्हाला फोन येतो, काका. शिट्टी वाजते, ती तुम्हाला ऐकू येत नाही."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. "म्हणजे दोन वर्षं..." ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात तर रोज यायचा फोन."

"उन्हाळ्यात पेटी तापायची, काका."

आता काका रडतील, असं वहिनीला वाटलं आणि ती पदर सावरत पुढे झाली. काका रडले नाहीत. ते भडकले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीवरून इतक्या पटकन उठू शकतो हे कुणाला माहीत नव्हतं, बहुधा त्यांनाही नव्हतं.

"माझा नंबर त्यात घातला कुणी?"

"मान म्हणून, काका," दादा म्हणाला. "पहिला नंबर तुमचाच..."

"गेला खड्ड्यात मान! मला सांगितलंस का, की हा फोन कसला आहे? एका शब्दाने? मी चालत आलो असतो रे इथे! साडेचार मिनिटं लागतात. काल मी गुडघ्याचं सांगत बसलो आणि इथे पिल्लं शिजत होती? किती होती?"

"चार हजार दोनशे," धाकटी म्हणाली.

काका खाली बसले. "मी लोकांना सांगत फिरतो," ते दादाकडे न बघता म्हणाले, "माझा पुतण्या बोलत नाही, पण फोन नेमाने करतो."

दादाने धाकटीचा दंड धरून तिला हात धुवायच्या बेसिनकडे नेलं. आवाज खाली आणला. "हे बघ. झालं ते झालं. चूक तुझी नाही, मी मानतो."

"मोठ्याने मान."

"ऐक तरी. हे बाहेर गेलं तर काकांचं नाव खराब होईल. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याने धंदा बुडवला? तू लहान आहेस. लहानांचं लोक चार दिवसांत विसरतात. चार-सहा महिने घरी बस. बाहेर आपण तुझंच सांगू. मेव्हण्यालाही मी शब्द दिलाय."

धाकटीला वाटलं, आपण आता ओरडणार. पण आवाज अगदी साधा निघाला, चहात साखर किती असं विचारावं तसा.

"मी लहान नाहीये, दादा. मी इतर आहे. इतर तीन. आणि काकांचं नाव खराब होईल म्हणतोस, ते काकांनी केलेलं नाही. यादी तू सांगितलीस. उभा राहून सांगितलीस. त्या सोफ्याच्या माणसाने तुला विचारलं होतं, पेटीजवळ कोण असतं? मेलेले मामा तीन नंबरला आणि मी बारा नंबरला! फोटोवाला माझ्या वर! तो येऊन काय करणार होता, फोटो काढणार होता?"

"हळू..."

"नाही हळू."

ती लॅपटॉपपुढे बसली. परत सिमवरची वही उघडली. AT+CPBW, बरोबर, जागेचा नंबर, आणि पुढे काहीच लिहायचं नाही: म्हणजे ती जागा पुसली. तिने एक पुसली. दोन पुसली. मामासाहेब पुसताना क्षणभर थांबली, मनातल्या मनात माफी मागितली आणि एंटर मारला. रबरी बोंडावर तिचं नख तुटलं, तिने बोट बदललं. बारा वेळा मॉडेमने OK म्हटलं. बाराव्या वेळी तर तिला वाटलं, मॉडेमलाही हलकं वाटलं असेल.

मग पहिल्या जागेवर तिने स्वतःचा नंबर टाकला.

"दुसरा माझा ठेव," काका खुर्चीवरून म्हणाले. "शिट्टी ऐकू येत नाही, पण हॅचरीचा नंबर दिसला की निघेन. आता कळलंय."

तिने दुसरा काकांचा टाकला.

"आणि माझा?" दादा म्हणाला.

"तुझा नाही."

"मी मालक आहे!"

"मग मालकाला यंत्र शिकायला किती वेळ लागतो? कमांड भिंतीवर लिहून ठेवते. बस, खुर्ची ओढ, आणि स्वतःचा नंबर स्वतः टाक. बसावं लागेल मात्र." तिने वायर उपटली. "मेव्हण्यांनाही बसव. ज्याला या पेटीला विचारता येईल त्याने किल्ल्या घ्याव्यात. माझी काही हरकत नाही."

वहिनीच्या भावाने भिंतीकडे, पेटीकडे आणि P नसलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग त्याला बाहेर लावलेल्या गाडीची आठवण झाली.

"तसं नाही हो..." वहिनीने सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच सोडून ती आपल्या ड्रायरची वायर गुंडाळायला लागली.

धाकटीने पेटीचं दार उघडलं. शिजलेल्या अंड्यांचा वास खोलीभर आला. तिने पहिला ट्रे ओढला, दादाच्या हातात दिला, दुसरा ओढला आणि तोही त्याच्यावर ठेवला.

"मागच्या खड्ड्यात," ती म्हणाली. "अजून सव्वीस आहेत. आणि खाली ठेवताना टाकू नकोस. ठेव."

दादा दोन ट्रे घेऊन दाराशी थांबला. त्याचे हात गुंतलेले होते, बोट वर करायची सोय नव्हती.

"मेव्हण्याला मी काय सांगू?"

"सांग, फोन करतो," धाकटी पेटीत डोकं घालून म्हणाली. "आणि करू नकोस."